काउंट नंबर एक आणि आमचा कुलवृत्तांत

आमच्या फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस एकच भांडण चाललंय. कुलवृत्तांताची नवीन आवृत्ती काढायचीय, तर लग्न झालेल्या लेकींची मुलं त्यात घ्यायची का नाही. दादा म्हणतो नाही, ती दुसऱ्या कुळाची. अरे, कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने गेलं, उरलाय फक्त वंशवृक्ष, त्याला कसला एवढा पहारा!

मी राहते स्वीडनमधे, यॉनशॉपिंगला. ई-फोर हायवेने ग्रेना गाव ओलांडून थोडं पुढे गेलं की वर ब्राहेहूस वाड्याच्या पडक्या भिंती दिसतात, पाहुणे आले की फिका, म्हणजे कॉफी आणि गोड खाणं, तिथेच उरकतो. धाकट्या पेर ब्राहे नावाच्या सरदाराने हा वाडा बायकोसाठी बांधायला घेतला, आपल्यामागे तिची सोय म्हणून, आणि तीच बिचारी 1650 ला आधी गेली. त्याच्या आजोबाला, थोरल्या पेरला, 1561 मधे राजा एरिक चौदावा याने काउंट, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार केलं, सरदारांच्या यादीत ब्राहे म्हणजे काउंट नंबर एक. समोरचं विसिंग्सो बेट त्यांच्या जहागिरीचं. धाकटा पेर 1680 ला वारला, त्याच वर्षी सरदारांच्या जमिनी परत घ्यायचा ठराव झाला, जहागीर खालसा.

मी ऐटीत ग्रुपवर टाकलं, बघा, एवढं गेलं तरी इथे कोणी ऊर बडवत नाही, सरदाराचा पोरगा पण नंबरची चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहतो.

अर्धंच लिहिलं. कारण रिद्दारहूसेटमधे, म्हणजे सरदार घराण्यांच्या संस्थेत, घराणं आजही बापाकडूनच पुढे जातं, लेकीची मुलं नाहीत. दादाचाच नियम, स्वीडिशमधे. आणि गंमत म्हणजे स्कूक्लोस्टरचा वाडा ब्राहेंकडे आला तोच तो बांधणाऱ्या व्रांगेलच्या लेकीमुळे, ती निल्स ब्राहेला दिली होती म्हणून. म्हणजे वाडा लेकीकडून चालतो, नाव नाही! 1930 ला शेवटचा काउंट गेला आणि घराणं संपलं, आता वाडा सरकारचा, तिकीट काढून बघा.

दादाने कुठूनतरी हे शोधलंच, म्हणाला, तुझे स्वीडिश पण तेच करतात की गं. काय बोलणार.

खरं सांगू का, मला माझ्या मुलीचं नाव त्यात हवंय, बाकी सगळा वाद त्याच्यासाठीच. जुन्या आवृत्तीत माझ्या नावापुढे नुसतं 'सासर : पुणे' आहे. पुण्यात मी सात महिने राहिले. इथे सतरा वर्षं झाली, तरी इथे कोणी विचारलं कुठली, की तोंडातून वाईच येतं. नवीन फॉर्ममधे दादाने माझ्यापुढे आधीच टाईप करून ठेवलंय, 'सासर : स्वीडन'.

मुलीसाठी रकानाच नाहीये, मी मार्जिनमधे लिहून पाठवलंय.