मसालेभात येईपर्यंत

ओळखीतल्या कुणाच्या बँडचा अल्बम आला की त्याचं नेमकं काय करायचं, असा प्रश्न पुण्यातल्या बऱ्याच सुसंस्कृत घरांना पडतो. लग्नाच्या पत्रिकेसारखा तो फ्रिजवर लावता येत नाही, दिवाळी अंकासारखा वाचनालयाला देता येत नाही, आणि तो बँडवाला रस्त्यात भेटला तर काहीतरी बोलावं मात्र लागतं. म्हणून हे मार्गदर्शन. मी अकरा वर्षं एका मराठी अल्टर्नेटिव्ह रॉक बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवते. आमचा पहिला अल्बम गेल्या महिन्यात आला. तो कसा ऐकावा याचं प्रात्यक्षिक मी परवाच्या रविवारी एरंडवण्यातल्या एका कार्यालयात, भाच्याच्या मुंजीत, दुसऱ्या पंगतीला बसून पाहिलं.

प्रात्यक्षिक करणारे माझे लांबचे काका. समोरच बसले होते. "अगं, तुझं ते गाण्यांचं काहीतरी आलंय म्हणे," असं म्हणत त्यांनी फोन काढला, पहिलं गाणं लावलं आणि फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला. हॉलमध्ये दीडशे माणसं जेवत होती, स्पीकरवर सनई चालू होती, पाठीमागे कुणाचं तरी बाळ भोकाड पसरून रडत होतं. बाविसाव्या सेकंदाला मसालेभात आला. काकांनी गाणं थांबवलं, भातावर तूप घालून घेतलं आणि निकाल दिला, "छान आहे. पण बेस अगदीच कमी वाटला हं."

यावरून पहिला नियम: अल्बम ऐकायला मसालेभात येईपर्यंतचा वेळ पुरेसा असतो. अभिप्रायाला मात्र मठ्ठा येईपर्यंतचा घ्यावा.

कार्यक्रमाला आलात तर तिकीट काढू नका. पास मागा.

आता ऐकण्याच्या साधनाविषयी. अल्बम नेहमी फोनच्या स्पीकरवरच ऐकावा, आणि ऐकून झाल्यावर बेस नाही अशी तक्रार करावी. यामागचं शास्त्र समजून घ्या. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर तिचा स्वर साधारण ४१ हर्ट्‌झचा असतो. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. त्याच्या आतल्या तेवढ्याशा पडद्याला इतका खालचा स्वर काढताच येत नाही. हा फोनचा दोष नाही, हवेचा आहे. खालच्या स्वराला भरपूर हवा हलवावी लागते. म्हणजे तुम्ही त्या फोनवर जगातला कुठलाही अल्बम लावा, त्यातला बेसवाला तुमच्यापुरता गैरहजरच. पण मिक्स करणाऱ्यांना, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवणाऱ्यांना, तुमचे प्रताप माहीत असतात. म्हणून ते बेसच्या आवाजाला जरा खरवडतात. त्याने वरचे उपस्वर उठून येतात, ते इवल्या स्पीकरमधूनही बाहेर पडतात, आणि आपला कान मोठा दयाळू असल्यामुळे खालचा गायब स्वर मनानेच भरून घेतो. आमच्या मिक्स करणाऱ्या मुलाने यावर तीन आठवडे घालवले. एकेक गाणं आधी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर, मग माझ्या जुन्या वॅगनआरमध्ये, मग त्याच्या आईच्या फोनवर, तोही ओट्यावर ठेवून. दर वेळी बेस अर्धा डेसिबल वर, मग पाव डेसिबल खाली. रात्री दीड वाजता कर्वेनगरच्या एका पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून आम्ही दोघं पायाने वाजवायचा किकड्रम आणि बेस एकमेकांच्या अंगावर चढतायत का, यावर भांडत होतो आणि वॉचमन टॉर्च मारून बघत होता की ही दोघं नक्की काय करतायत. तीन आठवडे, काका! कशासाठी? तर पेल्याला टेकवलेल्या फोनवर, सनईच्या आवाजात, रडणाऱ्या बाळाच्या साथीने तुम्हाला बेस ऐकू यावा म्हणून. आणि तुम्ही म्हणता कमी वाटला. वाटणारच! कोशिंबिरीच्या वाटीत कान घालून बसलं तर भीमसेनसुद्धा कमीच वाटतील.

असो. मार्गदर्शन चालू होतं.

गाणं तिसाव्या सेकंदाच्या आत बदलावं. एका बड्या स्ट्रीमिंग ॲपवर तीस सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकलं असं धरतच नाहीत. शिवाय २०२४ पासूनचा नियम असा, की बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसे शून्य. कमी नाही, शून्य. आमच्या नऊ गाण्यांपैकी हा उंबरठा आजवर दोन गाण्यांनी ओलांडलाय, त्यातलं एक ड्रमरच्या बहिणीने रात्रभर चालू ठेवून झोपण्याची सवय लावून घेतल्यामुळे. तेव्हा बाविसाव्या सेकंदाला थांबवणं हा अगदी शास्त्रशुद्ध आकडा आहे.

गाणी मराठी असतील तर म्हणावं, "रॉक मराठीत शोभत नाही." इंग्रजी असतील तर म्हणावं, "आपल्या भाषेत का नाही करत?"

सगळेच श्रोते काकांसारखे भोळे नसतात. काही जाणकार असतात. त्यांनी काय करावं? त्यांनी १९९१ मध्येच राहावं. आमच्या कॉलेजातला एक जण आहे. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० साली पुण्यात सुरू झाला, तेव्हाचा कागदी पट्टा त्याने मनगट काळं पडेपर्यंत मिरवला होता. अल्बम ऐकून त्याचा मेसेज आला. खूप पॉलिश्ड आहे म्हणे. निर्वाना बघा, एका टेकमध्ये जीव ओतायचे. आता निर्वानाच्याच १९९१ च्या 'नेव्हरमाइंड' अल्बममध्ये निर्मात्या बुच विगने गायक कर्ट कोबेनकडून एकच ओळ दोनदा गाऊन घेतली, एकावर एक चढवली, आणि तो कुरकुरायला लागला तेव्हा जॉन लेनन असंच करायचा असं सांगून त्याला पटवलं, हे जगजाहीर आहे. त्याच वर्षी आलेल्या 'लव्हलेस'वरचे बरेचसे ड्रम तुकडे तुकडे जोडून बसवलेले आहेत, आणि त्या एका अल्बमसाठी माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडने दोन वर्षांत एकोणीस स्टुडिओ बदलले. खरा कच्चा आवाज हवा होता तो निर्वानाच्याच 'इन युटेरो' अल्बमला, १९९३ साली. त्यासाठी रेकॉर्डिंग करायला स्टीव्ह अल्बिनीला बोलावलं. त्याने ठरलेली बिदागी घेतली आणि रॉयल्टी नको म्हणाला, ती घेणं त्याला गैर वाटायचं. हे सगळं मी त्या जाणकाराला लिहिणार होते. मग लक्षात आलं की याने आमचंही पहिलंच गाणं ऐकलंय, आणि 'नेव्हरमाइंड'चंही.

दुसरा जाणकार म्हणाला, पहिल्या अल्बमवर काही ठरत नसतं, 'पिंकर्टन' बघ. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. १९९६ मध्ये वीझर या अमेरिकन बँडचा तो अल्बम आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमांच्या यादीत बसवलं होतं. पुढे त्याच अल्बमवर जीव टाकणारी पिढी निघाली. पण तो वीझरचा दुसरा अल्बम होता, पहिला लाखांनी खपला होता. आणि निदान तो वाईट ठरवायला तरी लोकांनी ऐकला होता. आमच्या नशिबी तेही नाही. आमचा सगळ्यांना छानच वाटलाय.

"एवढी चार वर्षं काय करत होतात?" हे जरूर विचारावं. भोसरीत, हिंजवडीत, एका शाळेत आणि एका बँकेत नोकरी करत होतो. शनिवार-रविवार धायरीत तासावर भाड्याने घेतलेल्या खोलीत वाजवत होतो. त्या खोलीला आतून अंड्यांचे ट्रे आणि गोधड्या लावल्या होत्या, तरी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन यायचाच, की ड्रममुळे त्यांची पोथी होत नाही. जुलै आला की त्यांच्याच खिडकीसमोर पथकाचे साठ ढोल आणि वीस ताशे सुरू व्हायचे, ते मात्र परंपरेत बसायचं. (मला ढोल आवडतात. माझी धाकटी बहीण पथकात आहे. प्रश्न ढोलाचा नाही.) ड्रम भाड्याच्या स्टुडिओत दोन दिवसांत उरकले, कारण तिसऱ्या दिवसाचे पैसे नव्हते. गिटार गायकाच्या घरी, कपाटातल्या साड्यांमध्ये ॲम्प्लिफायर ठेवून. गाणं गुरुवारी रेकॉर्ड करायचं नाही हे दोनदा वीज जाऊन फाइल उडाल्यावर कळलं. सातव्या गाण्यात तिसऱ्या कडव्याआधी शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. ती काढायला घेतली, पण ती नेमकी स्वरात होती. ठेवली. ती अजून एकानेही ऐकलेली नाही. म्हणजे सातव्या गाण्यापर्यंत कुणी पोचलेलं नाही. मी दर आठवड्याला वाट बघते, की कुणीतरी विचारेल, अगं ती शिट्टी कसली?

खर्च सांगितला की "एवढ्यात स्कूटर आली असती" असं म्हणावं. दोन आल्या असत्या, मी हिशेब केलाय.

सोसायटीच्या गणपतीत वाजवायला बोलवावं. मानधन विचारलं तर आरतीचं ताट पुढे करावं.

आता खरं बोलते, कारण आता माझ्याच्याने हे नाटक होत नाही.

अहो काका, तुम्ही दर डिसेंबरला सवाईला जाता. स्वतःची उशी नेता. मागे कुणी वेफर्सचं पाकीट उघडलं तर मान वळवून असे बघता की तो माणूस वेफर चोखून खातो. एक ख्याल पाऊण तास चालला तर आलाप आवरते घ्या असं तुम्ही म्हणत नाही. तुम्हाला ऐकता येतं! म्हणून तर राग येतो. ज्याला ऐकताच येत नाही त्याच्यावर कोण चिडेल? आमचा अख्खा अल्बम अडतीस मिनिटांचा आहे. तुमच्या पंगतीत मसालेभात ते विडा याला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी घड्याळ लावून बसले होते.

आवडू नये, ना नाही. गोंगाट वाटला तर गोंगाट म्हणा. शब्द भिकार आहेत म्हणा, मी स्वतः चौथ्या गाण्याचे तीनदा बदललेत आणि ते अजूनही भिकारच आहेत. ऐकायचाच नसेल तर "नाही ऐकला, ऐकणारही नाही" म्हणा, मी जिलबी वाढते तुम्हाला. पण बावीस सेकंद ऐकून बेसवर बोलू नका. माझ्या तोंडावर, माझ्या बेसवर, दीडशे माणसांत. मी हसले तेव्हा. आई शेजारी बसली होती, भाच्याची मुंज होती, म्हणून हसले. "हो काका, पुढच्या वेळी वाढवू" असंसुद्धा म्हणाले.

आणि तुमच्या शर्टाच्या खिशात इअरफोन होते. वायर बाहेर लोंबत होती, पांढरी, मला सगळा वेळ दिसत होती.