स्वस्त गोळीला हलकी म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी ग्रुपवर मेसेज फिरत होता: ‘जेनेरिक म्हणजे हलका माल, घरच्यांच्या जिवाशी खेळू नका.’ जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध. मेसेजखाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

माझ्या बाबांची हृदयाची गोळी पेटंटखाली होती. बनवणारी कंपनी एकच, म्हणून भाव ती म्हणेल तो. एकदा त्यांचं कपाट आवरताना पाहिलं तर पाकिटात असायला हव्यात त्याहून कितीतरी जास्त गोळ्या शिल्लक. बाबा कुणाला न सांगता एक दिवसाआड गोळी घेत होते! आयुष्यभर कुणाचा पैसा न बुडवलेला माणूस स्वतःच्या हृदयावर काटकसर करत होता.

मग पेटंट संपलं. पहिली जेनेरिक आली तेव्हा भाव जेमतेम हलला. दोनच कंपन्या असल्या की एकमेकींकडे बघून भाव धरून ठेवणं सोपं असतं. चौथी-पाचवी उतरली, तेव्हा कुठे तो कोसळला, आणि बाबांची गोळी रोज सुरू झाली.

एचआयव्हीचं आठवा. तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर लागायचे. 2001 मध्ये सिप्ला या भारतीय जेनेरिक कंपनीने तो वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. उलट, अमेरिकेत डाराप्रिम या परजीवी-संसर्गावरच्या गोळीचं पेटंट कधीच संपलेलं होतं, पण समोर स्पर्धक नव्हता. 2015 मध्ये साडेतेरा डॉलरची ती गोळी एका झटक्यात 750 डॉलरला गेली. तीच गोळी, त्याच आजारासाठी.

आणि काही मूळ कंपन्या काय करतात? जेनेरिकवाल्याला पैसे मोजतात, बाबा रे, उशिरा ये! तेवढे महिने माझ्या बाबांसारखी माणसं गोळ्या वाचवत बसणार. संताप येतो.

नवीन औषध शोधायला अफाट पैसा लागतो, मान्य. त्यासाठीच तर 20 वर्षांचं पेटंट दिलंय. मिरगीसारख्या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये, हेही खरं. निकृष्ट माल बनवणाऱ्याला जरूर पकडा. पण रीतसर मंजुरी मिळालेल्या जेनेरिकमध्ये औषध तेच असतं, आणि काटेकोर मंजुरीत ते रक्तात जवळपास तेवढंच उतरतं हेही तपासलेलं असतं. तिला सरसकट बदनाम केलं की लोक घाबरून महागडंच घेतात आणि मूळ कंपनीला भाव उतरवायची गरजच उरत नाही.

घरात कुणी कायमच्या गोळ्यांवर असेल तर पाकिटावरचं औषधी घटकाचं नाव (ब्रँडचं नव्हे) वाचा आणि जेनेरिक चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. परवडत नाही हे सांगायला आईबाबा संकोचतात. त्यांच्या वतीने तुम्ही विचारा.