चिठ्ठी फाडा, दगड जपा

दुर्मिळ खनिजांचा संग्रह करण्याची इच्छा ज्या मुंबईकर वाचकाच्या मनात उत्पन्न झाली असेल, त्याने सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की दगडासोबत येणारी ती पिवळी पडलेली चिठ्ठी हीच संग्राहकाची खरी वैरीण आहे. खनिजाचे नाव, खाण, गाव, सापडल्याचे साल आणि आधीच्या मालकांची नावे असा सगळा मजकूर तिच्यावर असतो. आणि ज्या वस्तूविषयी एवढे पक्के ठाऊक असते, तिच्याविषयी दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर मनाजोगते काही सांगता येत नाही. फाडणे जिवावर येत असेल तर चिठ्ठी कपाटाच्या तळाशी टाकून एक पावसाळा जाऊ द्यावा. आपल्या शहराची दमट हवा आणि कसर मिळून ते काम विनामूल्य करून देतात.

काही जुन्या संग्राहकांना नमुन्याच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहिण्याची, आणि तोच क्रमांक वहीत नोंदवण्याची खोड असते. हा ठिपका ब्लेडने खरवडून काढावा आणि नमुना निःशंकपणे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडावा. त्यात कॅल्साइट फसफसून विरघळेल, ॲपोफिलाइटची झळाळी जाईल, स्कोलेसाइटचा चिकट लगदा होईल. परंतु क्रमांक उरला असण्याची शंकाही उरणार नाही.

आता स्थळाचा प्रश्न. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर लाव्ह्याचे थर साचले, त्यांतील पोकळ्यांमध्ये पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले आणि तिथे झिओलाइट नावाची खनिजे व त्यांची भावकी स्फटिकरूपाने वाढली, एवढे आपण शाळेत वाचून विसरला असालच. अडचण अशी की निसर्गाने हे काम सगळीकडे सारखे केलेले नाही. वाघोलीच्या खाणीत निळेशार कॅव्हन्साइट निघाले, नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणींत पॉवेलाइट, राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीत हिरवे ॲपोफिलाइट. आणि आपल्या कांदिवलीच्या दगडखाणीत प्रेहनाइट, लॉमोंटाइट, बॅबिंग्टोनाइट व विरळा असे युगावारालाइट. जाणकार माणूस स्फटिकांची ठेवण आणि सोबतची खनिजे पाहून खाण ओळखू शकतो, आणि त्या खाणीतल्या पाण्यात व उष्णतेत काय घडले असावे याचा माग काढू शकतो. आपल्याला असल्या चौकशा परवडणार नाहीत. आपण सरसकट ‘पुणे’ लिहावे. ज्या शहरात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसताच देवगडचा होतो, त्या शहरात जळगावच्या स्टिल्बाइटाने पुण्याचे व्हायला हरकत घेण्याचे कारण नाही. व्यापारीही आपल्याला मदतच करतील, कारण खरी खाण प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून त्यांतील काही जण मुळातच भलते गाव सांगतात.

जुन्या चिठ्ठीवर ‘बॉम्बे’ असे लिहिलेले आढळले तर मात्र ती जपून ठेवावी. त्याचा अर्थ शहरातली खाण असा होऊ शकतो, जिथून माल जहाजावर चढला ते बंदर असा होऊ शकतो, किंवा अख्खा मुंबई इलाखा असाही होऊ शकतो, ज्यात १९३६ पर्यंत सिंधसुद्धा होता. गिऱ्हाईक पाहून अर्थ लावावा. वंशावळ अधिक भारदस्त हवी असल्यास नमुना बोरघाटाच्या रेल्वे बोगद्यांतून निघाल्याचे सांगावे. तो घाट १८५६ ते १८६३ या काळात फोडला गेला आणि तिथले सुंदर स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत खरोखरच पोहोचले. आज ताडून पाहायचे तर गाड्या थांबवाव्या लागतील, आणि तेवढी चिकाटी कोणातही नसते. कांदिवली-मालाडचीही तीच सोय आहे: खाणी बंद पडल्या, भोवती इमारती उठल्या, नवा नमुना येण्याची वाट बुजली. अशा ठिकाणी चिठ्ठी हाच एकमेव पुरावा उरतो, असे म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

नामवंत मालकांची नावे फुकट मिळतात. ब्रुकलिनचा पूल बांधणारे वॉशिंग्टन रोबलिंग यांचा सुमारे १६,००० नमुन्यांचा संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेला; अशा माणसाच्या हातून गेलेल्या दगडाला अधिक दाम मिळतो, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर एखादे वजनदार आडनाव लिहिण्याचा सराव ठेवावा. सुरुंग उडाल्यावर धुरळ्यात शिरून ती पोकळी पहिल्यांदा पाहणारा, आणि स्फटिक फुटू नये म्हणून गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवणारा खाणमजूर मात्र या वंशावळीत घेऊ नये. तो ब्रासच्या हिशेबाने खडी काढतो, त्याच्या नावाने भाव चढत नाही, आणि या एका बाबतीत खोट्या चिठ्ठ्या व खऱ्या चिठ्ठ्या यांचे अपूर्व एकमत आहे.

आपल्याला आदर्श हवाच असेल तर इंग्लंडचे खनिजसंग्राहक आर्थर किंग्सबरी आहेत. त्यांच्या देशात आधी कुठे न आढळलेली खनिजे त्यांना भराभर सापडत. विद्वान मान डोलावत. १९६८ मध्ये ते वारल्यावर त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आला. पुढे तिथल्या अभ्यासकांनी एकेक नमुना पुन्हा तपासला, तेव्हा त्यांतील कित्येक सांगितलेल्या जागेचे नव्हतेच, भलत्याच देशांचे होते, असे १९९०च्या दशकात उघड झाले. दगड खरे होते, खनिजांची नावेही बरोबर होती. खोटी होती ती गावे, आणि तेवढ्यामुळे त्यांच्या खऱ्या नोंदींवरही आता कोणी डोळे मिटून विसंबत नाही.

हा प्रसंग आपल्यावर येऊ नये म्हणून संग्रह कोणत्याही संग्रहालयाला देऊ नये, कारण ते लोक नोंदवही मागतात. तो वारसांकडेच राहू द्यावा. ते भाद्रपदात गणपतीच्या देखाव्यातला हिमालय या स्फटिकांचा रचतील, शुभ्र ओकेनाइटाला जांभळा रंग देतील (बाजारात तो तसा रंगवून विकलाही जातो), आणि विसर्जनानंतर उरलेला माल सोसायटीच्या बागेत तुळशीच्या कुंडीभोवती मांडतील, जिथे वॉचमनसुद्धा हे कुठले म्हणून विचारणार नाही.