आधी चूल, मग शाळा

कर्मवीर भाऊराव पाटील सातारचे की कोल्हापूरचे, यावरून परवा कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जुंपली. निमित्त दिग्याच्या पोराचं. त्याला शाळेत कर्मवीरांवर पाच मिनिटं बोलायचंय आणि भाषण लिहून द्यायचं काम बापाच्या गळ्यात पडलंय. दिग्याचा सिमेंट-सळीचा धंदा. भाषण हा माल त्याच्या गोडाऊनात नाही. मोबाइलवर कुठनंतरी काढलेलं तो वाचाय लागला, "रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, सातारा..."

"थांब," मास्तर म्हणाले. हायस्कुलातनं निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आवाज अजून वर्गातलाच. "जन्म कुठं लिहिलायस?"

"कुंभोज."

"कुंभोज कुठं आलं?"

"हातकणंगल्यात."

"मग सातारा कुठनं आणलास मर्दा?"

वकीलबाईंचं माहेर वाळव्याकडचं. त्या गप्प बसतील होय? "मास्तर, कुंभोज आजोळ. मूळ गाव आमच्या वाळव्यातलं ऐतवडे बुद्रुक. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. जन्मदाखल्यावर माणूस जिंकायचा असेल तर आधी तिन्ही जिल्ह्यांना नोटीस काढा."

ज्यांना हा कट्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं म्हैस समोर उभी असते, धार डोळ्यादेखत पडते आणि ग्लास फेसासकट हातात येतो. फेस निवायची वाट बघायची नाही, तसाच तोंडाला लावायचा. त्यामुळं कितीही तावातावानं बोलणारा असला तरी त्याच्या मिशीवर पांढरी रेघ असते आणि भांडण फार लांबत नाही. परवाचं मात्र लांबलं.

मास्तरांचा मुद्दा साधा होता. 1887 सालचा जन्म, शिक्षण राजाराम हायस्कुलात, मुक्काम जैन बोर्डिंगात, वर शाहू महाराजांचा सहवास. माणूस घडला तो कोल्हापुरात. यावर दिग्यानं जे विचारलं त्याला कुणाकडंच लगेच उत्तर नव्हतं.

"घडला म्हणालाय, मग बोर्डिंगातनं हाकलला कुणी? सातारकरांनी?"

प्रकरण 1908 चं. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं, त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ करून मग आत ये. पोरगा काय आंघोळ करेना. झालं, बोर्डिंग सुटलं. पुढं ते महाराजांच्या वाड्यावर राहिले. शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढं सरकलं नाही.

"आन डांबर प्रकरण ऱ्हायलंच की," वकीलबाई म्हणाल्या. 1914 साली कोल्हापुरात इंग्लंडच्या राजाराणीच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. संशय जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठ्यांवर. भाऊरावांनी लठ्ठ्यांच्या विरोधात खोटी साक्ष द्यावी म्हणून संस्थानी पोलिसांनी त्यांना कोठडीत घातलं, हाल केले. जीव द्यायचा प्रयत्न करण्यापर्यंत पाळी आली, पण साक्ष काही दिली नाही. "आणि दहा वर्षांनी याच माणसानं साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्याला नाव कुणाचं? शाहू महाराजांचं. 1927 ला गांधीजी आले तेव्हा त्यांच्या हस्ते तसं रीतसर नामकरणही झालं. ज्या संस्थानच्या कोठडीत मार खाल्ला, त्याच राजाचं नाव दारावर. मला एवढ्या वर्षांच्या वकिलीत असा अशील भेटला नाही."

मला इथं वकीलबाईंचं पटलं. कोल्हापूरनं त्यांना दिलं काय आणि छळलं काय, याचा ताळेबंद मांडत बसायचं कारणच नाही. दोन्ही एकाच गावानं केलं.

पुण्याहून सुट्टीला आलेला आमचा इंजिनिअर इतका वेळ फोनात होता. तो म्हणाला, "तुम्ही लोक बेसिक गोष्टच बोलालेला नाही. तो माणूस सेल्समन होता." मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पण इंजिनिअर चुकीचं बोलत नव्हता. ओगल्यांच्या कारखान्यातली काच, किर्लोस्करांचे नांगर, मग साताऱ्यात कूपरचा कारखाना. नांगर विकायचा म्हणजे गावोगाव हिंडायचं, पाटलाच्या ओसरीवर बसायचं, उधारी मागायची. कुठल्या गावात हुशार पोरं शेरडामागं हिंडत्यात आणि कुठला शेतकरी दाण्याला मागं बघत नाही, हे ठाऊक होणारी दुसरी नोकरी कुठली? पुढं घरटी मूठमूठ धान्य बाजूला काढायचा मुष्टिफंड चालला तो या ओळखीवरच. धर्मादाय मागायला आलेला माणूस वेगळा आणि ज्याच्याकडनं नांगर घेतला तो वेगळा.

"मग शाळा काढली," दिग्यानं भाषणात भर घातली.

"शाळा न्हाई काढली," मास्तर ग्लास ठेवत म्हणाले. "तिथंच सगळे चुकत्यात. 1919 ला कऱ्हाड तालुक्यात काले गावी संस्था निघाली. 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. आन संस्थेचं स्वतःचं पहिलं हायस्कूल कधीचं? 1940. महाराजा सयाजीराव हायस्कूल. सोळा वर्षं पोरं राहायला यांच्याकडं आन शिकायला दुसऱ्यांच्या हायस्कुलात. आधी चूल मांडली त्यांनी."

कट्ट्यावर क्वचित असं होतं की सगळे एकदम मान हलवतात. पोरगं शिकत का नाही, तर गावात शाळा नाही म्हणून. शाळा आहे तालुक्याला, आणि तालुक्याला राहायचं कुठं, खायचं काय? हा हिशेब ज्याला कळला त्यानं फळा-खडूच्या आधी पीठ आणि सरपण बघितलं. हायस्कुलं आधीपासनं होती की. त्यांच्या दारापर्यंत पोचायची सोय नव्हती.

"पण बोर्डिंगं तर महाराजांनी आधीच काढली होती," दिग्या म्हणाला. "दसरा चौकात जा, अजून हायत की. मग यांचं नवीन ते काय?"

माझ्या मते सगळ्या चर्चेतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली ती जातवार. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, मुसलमानांचं, लिंगायतांचं वेगळं. टीका करणं आज सोपं आहे. त्या काळात एकत्र बोर्डिंग काढलं असतं तर पहिल्या जेवणालाच अर्ध्या पोरांचे बाप टांगा घेऊन आले असते. ज्यानं त्यानं आपल्या समाजाची पोरं सांभाळावीत, पैसा-जागा दरबार देईल, हा रोकडा व्यवहार होता आणि तो चालला. पण त्या भिंतींचा त्रास काय असतो हे भाऊरावांनी अंगावर झेललं होतं. एका बोर्डिंगातनं दुसऱ्या बोर्डिंगाच्या कार्यक्रमाला गेला म्हणून तर पोरगा बाहेर पडला. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. 1932 ला पुणे करार झाला, त्याच साली पुण्यात युनियन बोर्डिंग, तेही तसंच. महाराजांची बोर्डिंगं नसती तर भाऊराव नसते, हे मी मान्य करतो. पण भाऊरावांचं बोर्डिंग ही महाराजांच्या बोर्डिंगाची शाखा नव्हती.

मास्तरांना हे शेवटचं वाक्य आवडलं नाही. नसू दे.

खरी ठिणगी पुढं पडली. इंजिनिअर कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'चं कौतुक करत होता. पुण्यात त्याच्या कंपनीत म्हणे असं काहीतरी चालतं. दिग्या उसळला. "कौतुक कशाचं रं? गरिबाच्या पोरानं दगड फोडायचे, शेतात राबायचं आन मग पुस्तक उघडायचं. श्रीमंताच्या पोराला कुणी दगड दिलता का फोडाय? माझा बा म्हणायचा, शिकायचं तर हातातली पाटी सुटाय पाहिजे. हितं तर शिकायला जाऊन पाटी हातात!"

पाटी म्हणजे मातीची, बांधकामावरची. दिग्याचा बाप बिगारी होता.

मास्तरांनी नेहमीचं उत्तर दिलं, श्रमाची लाज जाते, स्वावलंबन येतं वगैरे. संस्थेचं ब्रीदच ते. दिग्यावर काही परिणाम नाही. "लाज ज्याला वाटती त्याला द्या की काम. आमास्नी कामाची लाज कवा हुती?"

हे बिनतोड होतं आणि मास्तर तितके प्रामाणिक आहेत. क्षणभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, दुसऱ्या बाजूनं बघ. 1948 ला मुंबईच्या खेर सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. अण्णा, म्हणजे कर्मवीर, सरकारवर बोलायला भीत नव्हते, त्याचं बक्षीस. अनुदानावरच सगळं उभं असतं तर त्याच महिन्यात कुलूप लागलं असतं. पोरांच्या हाताची सवय आन रयतेची मूठ हुती, म्हणून टिकलं. फुकट देणारा कवाबी हात आखडतो. पोरगं आपल्या कामावर जेवत असंल तर त्याला कोण उठवणार?"

"म्हणजे गरिबानं सदा विम्याचा हप्ता भरत ऱ्हायचं, सरकार पळून जाईल म्हणून," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की तेव्हा दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण नसलेल्या मार्गाची आरती ओवाळू नये. शिक्षण हक्काचा कायदा 2009 ला आला, म्हणजे कर्मवीर जाऊन पन्नास वर्षांनी. हक्क म्हणून जे मिळायला हवं होतं ते पोरांनी घाम गाळून विकत घेतलं. यात पोरांचं आणि अण्णांचं कौतुक आहे, व्यवस्थेचं नाही.

मी दोघांच्या मध्ये कुठंतरी. माझा कल थोडा मास्तरांकडं, कारण साताऱ्यात धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात कामाला जाताना ब्राह्मणाचं पोर, मराठ्याचं पोर आणि महाराचं पोर एकाच ओळीत जात होतं. दिग्याच्या बापाची पाटी आणि ही पाटी यात एवढा फरक आहे. पण दिग्याला हे सांगायचं धाडस केलं नाही. त्याच्या बापाला मी ओळखत होतो.

"आणि स्वयंपाक कोण करत होतं?" वकीलबाईंनी विचारलं. "मघापासनं चूल चूल चाललंय."

लक्ष्मीबाई. कुंभोजच्याच. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली बाई, तिच्या पुढ्यात नवऱ्यानं अठरापगड पोरं आणून बसवली. सुरुवातीला जड गेलंच असणार. नंतर तीच त्यांची आई झाली. धान्य संपलं की अंगावरचा दागिना जायचा. एक एक करत सगळं सोनं गेलं आणि शेवटी सणाच्या तोंडावर पोरांना जेवायला काही नाही म्हटल्यावर मंगळसूत्र काढून दिलं. 1930 ला वारल्या. हायस्कूल, कॉलेजं, काही बघायला मिळालं नाही. नवऱ्याचं पद्मभूषण 1959 चं, पुणे विद्यापीठाची डी.लिट.सुद्धा त्याच सालची, आणि मे महिन्यात कर्मवीरही गेले.

"दिग्या, भाषणात ह्यांचं काय लिहिलंयस?"

दिग्यानं मोबाइल वर-खाली केला. "एक ओळ हाय. 'त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली.'"

"साथ!" वकीलबाई एवढंच म्हणाल्या आणि दुसरं दूध मागवलं.

मग गाडी आजवर आली. इंजिनिअर म्हणाला आता गावोगाव शाळा आहेत, तो प्रश्न संपला. मास्तरांनी सांगितलं, त्यांच्या ओळखीची एक पोरगी चंदगडकडची, बारावीला चांगले मार्क, कोल्हापुरात प्रवेश मिळालाय. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नंबर लागलेला नाही. कॉट बेसिसवर राहायचं तर भाडं आणि मेस मिळून बापाच्या ऐपतीबाहेर. कॉलेज आहे, फी माफ आहे, सगळं आहे; राहायचं कुठं? आम्ही सगळे परत 1924 ला जाऊन बसलो.

"गोडाऊनच्या वरच्या दोन खोल्या मोकळ्याच हायत की तुझ्या," मास्तर दिग्याला म्हणाले.

"मोकळ्या कुठं, सामान हाय."

"फुटक्या टाइल्स हायत. मी बघितल्यात."

वकीलबाईंनी लगेच अटी घातल्या. पोरी राहणार तर जिना वेगळा पाहिजे, कडी आतनं, खाली माल उतरवायची वेळ ठरलेली आणि जवळपास राहणारी एक बाईमाणूस. इंजिनिअरनं मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला पाठवायचं कबूल केलं; पाठवेल, पोरगा तसा नाही. दिग्या म्हणाला भाडं घेणार नाही, पण वह्या लिहायला, जीएसटीच्या बिलांना तासभर मदत केली तर बरं.

"आता कमवा आणि शिका कोण कराय लागलं?" मास्तरांनी चिमटा काढला.

"दगड न्हाई फोडायला सांगितलं," दिग्या तडकला. "आन हे नक्की न्हाई बरं का. घरात बायकोला विचारून सांगतो."

"विचार हां," वकीलबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं."