मीटरमध्ये एलईडी टाका, पण सरसकट नको

‘जुन्या गाडीच्या मीटरमधले सगळे बल्ब काढा, एलईडी टाका. दहा मिनिटांचं काम, बॅटरी वाचते, उजेड दुप्पट, पुन्हा कधी उघडायला नको.’ नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगारांपासून पिंपळगावच्या पिकअपवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज येऊन गेलाय. मीटर उजळणारे बल्ब बदलायला माझी काहीच हरकत नाही. सगळे बदलायला मात्र आहे.

बॅटरी वाचण्याचं आधी बघू. मीटर उजळायला साधारण चार-पाच बल्ब असतात, १.२ ते ३ वॉटचे. पाचही ३ वॉटचे धरले तरी १५ वॉट झाले. समोरचे दोन हॅलोजन लो बीमवरच ११० वॉट खातात! शिवाय इंजिन चालू असताना ही वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, पुरवतो. मग वाचलं काय?

उलट बॅटरी उतरण्याची सोय या मेसेजमध्येच आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीचं चिन्ह असलेला लाल दिवा नुसता इशारा देत नाही. चावी ऑन केली की या बल्बमधून जाणारा करंट अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, पोचतो आणि तिथे चुंबकत्व तयार होतं. त्यावरच चार्जिंग सुरू होतं. ३ वॉटचा बल्ब सुमारे २५० मिलिअँपिअर जाऊ देतो, एलईडी जेमतेम १०-२०. मग स्टार्ट केल्यावर जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही, आणि गाडीवाला डायनॅमो (म्हणजे हाच अल्टरनेटर) उघडायला घेऊन जातो. काही मीटरमध्ये या बल्बला समांतर रेझिस्टर असतो, करंट त्यातूनही जातो, तिथे अडत नाही. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. जुनी गाडी असेल तर तो एक बल्ब आहे तसा राहू द्या.

उजेड दुप्पट? समोरच्या बाजूला, हो. साधा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो, स्वस्तातला एलईडी फक्त नाकासमोर. त्यामुळे मीटरच्या मधोमध पांढरा ठिपका आणि पेट्रोलचा काटा अंधारात. बाजूनेही उजेड देणारे एलईडी मिळतात, तेच घ्यावेत. बल्बवर निळी किंवा हिरवी टोपी असेल तर पिवळ्या उजेडासाठी निवडलेला तो रंग पांढऱ्या एलईडीवर वेगळाच दिसतो. आणि उजेड कमी करायचं बटण? जुना डिमर म्हणजे तारेचा रिओस्टॅट, करंटला कमी-जास्त अडवणारा. एलईडीच्या एवढ्याशा करंटवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. रात्री पावसात कसारा घाट उतरताना डोळ्यांसमोर झगमगता निळसर-पांढरा मीटर आणि पलीकडे धुकं, ही मजा ज्याला हवी त्याने घ्यावी.

‘पुन्हा कधी उघडायला नको’ म्हणावं, तर इंजिन चालू असताना व्होल्टेज १४च्या आसपास असतं. १२ व्होल्ट धरून बनवलेला हलका माल तापतो आणि लुकलुकायला लागतो.

दहा मिनिटांचं तर विचारूच नका. मीटरमागची प्लास्टिकची सर्किट पट्टी जुनी झाली की होल्डर फिरवतानाच फाटते. शिवाय एलईडीला प्लस-मायनस असतो. उलटा बसला तर लागत नाही, काढून फिरवून बसवावा लागतो. काही दुचाकींत डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी मीटरमध्ये एकच दिवा असतो आणि त्यातून करंट कधी इकडून, कधी तिकडून वाहतो. तिथे साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकतो. ऑइलच्या दिव्यात एलईडी उलटा बसला तर इंजिन ऑइलचं प्रेशर गेलं तरी मीटर गप्प राहील. म्हणून चावी ऑन करून, इंजिन चालू न करता, तो लागतो का हे बघितल्याशिवाय मीटरचे स्क्रू आवळू नका.