येशूचं ऐकलं तर संसार बुडतो, हे खरं नाही

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, थोडक्यात असा की येशूची शिकवण चर्चमध्ये ऐकायला बरी, पण संसारी माणसाने पाळली तर तो बुडालाच, कारण येशू सांगतो मार खाऊन गप्प बसा, उद्याची चिंता करू नका आणि कुणी काहीही केलं तरी माफ करून हक्क सोडा. फॉरवर्ड करणाऱ्यांत दर रविवारी मिस्साला येणारी आमचीच माणसं आहेत, म्हणून जास्त लागलं.

आधी गालाचं, म्हणजे एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, हे वचन. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात, नुसता गाल नाही, "उजवा" गाल आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं म्हटलं तर हात पालथाच लागतो, आणि पालथा हात म्हणजे मालकाने नोकराला हिणवणं, बरेच अभ्यासक हे वचन असंच वाचतात. म्हणजे दुसरा गाल पुढे करणारा सांगतोय की मी पळत नाही आणि तुझ्यासारखा होतही नाही. बरं, खुद्द येशूला याजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला का? योहान १८:२३ काढून वाचा. त्याने सरळ विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? हे गालाचं वचन ज्यात आहे ते येशूचं डोंगरावरचं प्रवचन गांधीजींना किती भिडलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि १९३० च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या, हात उचलला नाही, पण मीठ उचललंच. त्यांना भित्रे म्हणायची कुणाची छाती आहे?

चिंतेचं म्हणाल तर माझी आई मे महिन्यात बांगडे सुकवून डबे भरते, ती काय श्रद्धा कमी म्हणून? पावसाळ्याची तयारी वेगळी आणि काळजीने रात्र रात्र जागणं वेगळं. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, हेही येशूचंच, लूक १४ मध्ये.

आता माफी. ही कठीण आहे, मान्य. आमच्या शेजाऱ्यांनी गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, दीड हात आमच्या बाजूला सरकवला, त्यात काजूचं एक कलम गेलं, आणि त्या रागात पप्पांनी त्यांना भर बाजारात नको ते सुनावलं. नऊ वर्षं बोलणं बंद. मग एका नाताळला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मिस्साला निघाले ते वाटेतून वळले आणि थेट त्यांच्या खळ्यात जाऊन उभे राहिले, कारण मत्तयातच आहे की वेदीपाशी आठवलं, भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. मी मागे उभा होतो. पप्पा म्हणाले, "भाऊ, बाजारात बोललो ते माझं चुकलं. गडग्याची मोजणी मात्र मी आणणार हां." एका दमात दोन्ही. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग आत बघून म्हणाले, "गो, चाय ठेव."

मोजणी झाली, कलम आमच्या हद्दीत निघालं. गडगा अजून तिथेच आहे, त्यावरून दोघांचं अजूनही वाजतं, पण गेल्या पावसात आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा पप्पांनी पहिली हाक त्याच गडग्यावरून मारली.