‘रोमा मुळातच भटके’ म्हणणाऱ्या वाचकास

रोमांवरच्या, म्हणजे युरोपात ‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “रोमा मुळातच भटके, घर दिलं तरी टिकत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. लोकसंख्येचे दोन-दोन आकडे देता, नकाशा नाही, राजपूत वंशाबद्दल चकार शब्द नाही. आधी अभ्यास करा.”

मतभेद जरूर मांडा, पण ही बोलायची रीत झाली का? नाव न देता दुसऱ्याचा अभ्यास काढणं फार सोपं असतं. नकाशा हवा होता हे मात्र मान्य, तो टाकतो.

आता ‘मुळातच भटके’. हंगेरीच्या राज्यात, म्हणजे आजचा स्लोव्हाकिया आणि ट्रान्सिल्व्हेनिया धरून, १८९३ साली रोमांची स्वतंत्र गणना झाली. सुमारे २ लाख ७५ हजार रोमा नोंदले गेले. त्यातले २ लाख ४३ हजार कायम वस्ती करून राहिलेले होते. खरोखर फिरस्ते जेमतेम ९ हजार. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! वालाकिया आणि मोल्डाविया या रुमानियन प्रांतांत तर ते शतकानुशतकं मठांचे, सरदारांचे आणि राजाचे गुलाम होते. ही गुलामी १८५५-५६ मध्ये संपली. मालकाच्या नावावर असलेला माणूस मनाला येईल तिकडे कसा भटकणार?

मी नोकरीनिमित्त काही वर्षं पूर्व स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात राहिलो आहे. तिथल्याच प्रेशोव्ह शहराजवळ एका सहकाऱ्याच्या गावी गेलो होतो. डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथून रोमा वस्ती सुरू होते. सगळ्या वस्तीला पाण्याचा एकच पंप. एका म्हाताऱ्याने आजोबांची ऐरण दाखवली, जमिनीवर बसून काम करायची, बुटकी. गावातल्या शेतकऱ्यांचे नाल आणि खिळे पिढ्यानपिढ्या त्याच घरात घडले. त्या माणसाला तुम्ही भटका म्हणणार?

उलट त्यांना हलवलं ते इतरांनी. नाझींनी चेक प्रदेशातले रोमा जवळजवळ संपवले. युद्धानंतर जर्मनांना हाकलून रिकाम्या झालेल्या गावांत आणि कारखान्यांत कामाला माणसं हवी होती, म्हणून पूर्व स्लोव्हाकियातल्या रोमांना तिकडे नेलं. आजचे बहुतेक चेक रोमा त्यांचेच वंशज. पुढे १९५८ साली चेकोस्लोव्हाकियात ‘भटक्यांना स्थायिक करण्याचा’ कायदा आला आणि त्याच्या यादीत आधीपासून घर करून राहिलेल्यांचीही नावं घातली गेली. तुमचं वाक्य त्या यादीतल्या कारकुनाचं आहे, हे वाईट वाटून सांगतो. घर दिलं तरी टिकत नाहीत म्हणता. कोशित्सेतल्या लुनिक ९ या रोमांच्या वसाहतीत पाणी-गॅस तोडलेल्या इमारतींत माणसं पोराबाळांसह टिकून होती. तिथे दोन दिवस राहून दाखवा.

आकडे दोन असतात, कारण नाव नोंदवलं की आधी काय काय भोगावं लागलं हे लोक विसरलेले नाहीत. स्लोव्हाकियाच्या २०११ च्या जनगणनेत १ लाख ५ हजार जणांनी स्वतःला रोमा म्हटलं. २०१३ साली वस्त्यावस्त्यांतून माहिती गोळा केली तेव्हा आकडा ४ लाखांवर गेला. लेखात हे लिहिलेलं आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं.

रोमा मूळचे भारतातले राजपूत की नाही, या वादात मी पडणार नाही. यापुढे प्रतिक्रिया नावानिशी आली तरच छापेन.